तुमच्या मांजराने कुठलं कपाट ताब्यात घेतलंय?

काल रात्री आमचा बोका दीड तास बेपत्ता. जिना, गच्ची, गाड्यांखाली टॉर्च, सगळं झालं. शेवटी दिवाणाच्या खणातून जांभई ऐकू आली. रजया काढताना फळी उचलली होती, तेवढ्यात साहेब आत! तुमच्याकडचे किस्से लिहा. आणि ही मंडळी आत जातात तरी कशाला?

----

आमची मनी ट्रॉली उघडते. हँडलला हात नाही लावत. फरशीवर उताणी पडते, खालच्या फटीत पंजा घालते, नखं अडकवून ओढते. सुक्या बोंबलांसाठी जात असेल म्हणून बोंबील हलवले. तरी जातेच, आता भगरीच्या डब्यावर बसते. मग लहान मुलांसाठीचं लॉक बसवलं. तीन दिवस नुसती खरवड. चौथ्या दिवशी शेजारची ट्रॉली उघडून मागच्या मोकळ्या जागेतून आत!

1898 साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरं पेटीत कोंडून हेच पाहिलं होतं. आधी वाटेल तशी ओरबाडतात, चुकून दोरी ओढली जाते, दार उघडतं. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत जातो. फक्त त्याची मांजरं बाहेर यायला धडपडत होती.

----

ऊब हेही कारण आहे. मांजराच्या शरीराला सुखाचं तापमान साधारण 30 ते 38 अंश. आपण पंखा लावतो तिथे त्याचं सुख सुरू होतं! शिवाय लपायला जागा मिळाली की ते निवांत होतं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना खोकी दिली, ती बाकीच्यांपेक्षा लवकर रुळली.

----

आमच्या कोकणातल्या घरी भाटी माळ्यावरच्या ट्रंकेत व्याली, थेट आईच्या लग्नातल्या शालूवर. आई चिडली, पण आजी म्हणाली, "हात लावू नको गो, सात घरं फिरवील पोरांना." शालू महिनाभर तिथेच. डाग अजून आहेत. आई ते पाहुण्यांना दाखवते.

----

गंमत ठीक, पण वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात फिरवा. आमचं पिल्लू कपड्यांखाली होतं, बटण दाबणार तेवढ्यात शेपूट दिसली. आणि डांबरगोळ्या मांजराला विषारी असतात, कपाटात नकोतच.

----

रजयांमधल्या आत्ता काढल्या. चार निघाल्या.