यशवंतराव ‘दिल्लीत गेले आणि संपले’, हे मला मान्य नाही

कराडकर :
25 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने येथे एका सदस्याने लिहिले की, महाराष्ट्रात ते मोठे होते, पण 1962 साली दिल्लीत गेले आणि संपले. उरलेले आयुष्य त्यांनी कुंपणावर बसून काढले. हे वाचून संताप आला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि नेहरूंनी चव्हाणांना बोलावून घेतले, तेव्हा सैन्याचे मनोधैर्य खचलेले होते आणि सेनाधिकारी व मंत्री यांच्यातला अविश्वास विकोपाला गेला होता. देवराष्ट्रे गावात जन्मलेला, लहानपणीच वडील गमावलेला आणि विठाबाईंनी काबाडकष्ट करून वाढवलेला हा माणूस त्या खुर्चीवर बसला, आणि तीन वर्षांत त्याच सैन्याने 1965 चे युद्ध लढले. 1 सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले, तेव्हा हवाई दलाच्या वापराला चव्हाणांनी त्याच दुपारी परवानगी दिली आणि अंधार पडण्यापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. कुंपणावर बसणाऱ्याच्या हातून असा निर्णय होत नाही. नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला तो याच काळात. पुढे गृहमंत्री म्हणून संस्थानिकांशी तनख्यांच्या वाटाघाटी त्यांनीच केल्या. याला ‘संपणे’ म्हणायचे असेल, तर आजच्या किती नेत्यांची कारकीर्द मुळात सुरू झाली, हेही एकदा सांगावे.

जुना समाजवादी :
1962 ते 1966 या काळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे आणि आपण नेमके तिथेच थांबलात. 1969 साली बंगळूरला राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले आणि पक्ष फुटला तेव्हा मात्र इंदिराबाईंच्याच गोटात राहिले. 1975 साली आणीबाणी आली तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते आणि शेवटपर्यंत मंत्रिमंडळात राहिले. जगजीवनराम यांनी उशिरा का होईना, 1977 च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला. चव्हाणांनी तेवढेही केले नाही.

आमचे थोरले काका तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होते. घरी पोस्टकार्ड यायचे, त्यातल्या ओळीच्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या असायच्या, आणि आजी ते कार्ड उजेडासमोर धरून खालची अक्षरे लागतात का पाहायची. ज्यांनी स्वतः 1932 साली येरवड्याचा तुरुंग पाहिला होता आणि बेचाळीसला सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून इंग्रजांशी झुंज दिली होती, त्यांच्याकडून आम्ही निदान एका शब्दाची अपेक्षा धरली होती. तो शब्द आला नाही.

बेळगावकर :
आणीबाणी दीड-दोन वर्षांत उठली. आमची आजही उठलेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात ढकलले गेले आणि त्याच दिवशी यशवंतराव मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाल्यास मी नेहरूंच्या बाजूने राहीन, असे सांगणारा नेता पुढे देशाचा गृहमंत्री झाला आणि त्याच्याच काळात सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव आमच्या हातातून काढून घेतले. हे दुःख कराडला बसून कळणार नाही.

कराडकर :
तारखा नीट पाहाव्यात ही विनंती. महाजन आयोग ऑक्टोबर 1966 मध्ये नेमला गेला, तोही सेनापती बापटांच्या उपोषणानंतर आणि महाराष्ट्राच्याच आग्रहावरून. तेव्हा गृहमंत्री गुलझारीलाल नंदा होते. चव्हाण त्या खात्यात नोव्हेंबरमध्ये आले. शिवाय ज्या वादात आपलेच राज्य एक पक्षकार आहे, त्यात मराठी गृहमंत्र्याने महाराष्ट्राच्या बाजूने निकाल फिरवला असता, तर कर्नाटकाने आणि उरलेल्या देशाने तो एक दिवस तरी मानला असता का?

बेळगावकर :
नेमणुकीची तारीख आपली बरोबर आहे, ती मी मान्य करतो. पण अहवाल आला 1967 साली आणि यशवंतराव गृहमंत्री राहिले 1970 पर्यंत. मधली वर्षे काय झाले? निकाल फिरवा असे कोणी म्हणत नव्हते. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही तत्त्वे लावा एवढेच आमचे म्हणणे होते. 264 गावे महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर मात्र तिकडेच, अशी वाटणी करणारा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, कर्नाटकाने उचलून धरला आणि दिल्ली स्वस्थ बसली. माझ्या आईला जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो. तिला त्यातले स्वतःचे नावसुद्धा वाचता येत नाही. खाली अंगठा उमटवण्याआधी ती दरवेळी मला विचारते, ‘हे आपलंच शेत ना रे?’ तिच्यासमोर बसून आपण मला ‘राष्ट्रीय नेत्याच्या मर्यादा’ समजावून सांगाव्यात.

माण तालुका :
बेळगावकर, आपल्या आईंचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण नेहरूंविषयीचे ते एक वाक्य घेऊन पूर्ण माणूस मोडीत काढू नये. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने त्या वाक्याची शिक्षा काँग्रेसला दिली आणि स्वतः यशवंतराव कराडमधून जेमतेम निवडून आले. त्यानंतर द्वैभाषिक चालणार नाही हे नेहरूंच्या गळी उतरवण्यात त्यांचा वाटा होता, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही.

आमच्या दुष्काळी भागात शाळेची फी ही पोरांचे शिक्षण सुटण्याची पहिली पायरी होती. ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठीची फीची सवलत आली, तलाठ्याने दाखला दिला, मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली आणि मी मॅट्रिकपर्यंत पोचलो. माझ्या वर्गातल्या महार वाड्यातल्या मित्राच्या वडिलांचे वतन 1958 च्या कायद्याने गेले आणि गावकीची वेठ सुटली. जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या. आम्हा लोकांच्या लेखी यशवंतराव म्हणजे हे सगळे.

जुना समाजवादी :
माणचे गुरुजी, आपण लिहिलेले सर्व 1962 पूर्वीचे किंवा त्याच वर्षीचे आहे आणि ते कोणीच नाकारलेले नाही. प्रश्न दिल्लीचा आहे. जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला, सरकार पडले, राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी प्रथम त्यांनाच बोलावले आणि बहुमत जमत नाही म्हणून ते परत आले. मग चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. 1981 साली पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. वाट पाहत बसण्यापेक्षा एकदा ठाम उभे राहिले असते, तर मराठी माणसाला पंतप्रधानपद मिळण्याची शक्यता होती, असे मला आजही वाटते.

कराडकर :
जमत नाही म्हटल्यावर राष्ट्रपतींना तसे सांगून परत येणे हा माझ्या दृष्टीने प्रामाणिकपणा आहे. आमदार-खासदार फोडून बहुमत जमवणारे आपण नंतर पुष्कळ पाहिले. आणीबाणीबद्दल मात्र मी त्यांची बाजू मांडणार नाही. आपल्या काकांच्या पोस्टकार्डापुढे मांडण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

जुना समाजवादी :
एवढे आपण मानलेत, तर ‘संपले’ या शब्दावर मीही अडून बसत नाही. संरक्षणमंत्री म्हणून ते महाराष्ट्रातल्याइतकेच मोठे होते. 1969 नंतरच्या चव्हाणांबद्दलचे माझे मत तसेच राहील.

बेळगावकर :
आपणा दोघांचे जुळले, याचा आनंद आहे. माझा प्रश्न अजून तिथेच आहे : 1967 ते 1970 या तीन वर्षांत गृहमंत्र्यांनी सीमाभागासाठी नेमके काय केले? कराडकरांनी तारखा दिल्या तशी याचीही माहिती द्यावी. ती मिळाली, तर मी माझे म्हणणे मागे घेईन.