टूरचा खर्च तपासायचाय, सुरुवात कुठून करू?

अकौंट_अक्कलकोटरोड:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकौंट बघतो. परवा मालकांनी बोलावून सांगितलं की टूरचा खर्च लई वाढलाय, वर्षभराचे व्हाउचर काढ आणि कुठं वाचतंय ते बघून सांग. आता अडचण अशी की आमच्या टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रवास खर्च म्हणून एकच लेजर, म्हणजे खातं आहे, रेल्वे, विमान, भाड्याची गाडी, हॉटेल, जेवण सगळं त्यातच. वरच्या साहेब लोकांचं म्हणणं सेल्सच्या पोरांचा डीए (रोजचा भत्ता) कमी करा. ही पोरं हुबळी, हैदराबाद, बेंगळुरू फिरतात, रात्री दोनला स्टँडवर उतरतात, त्यांच्या जेवणातून कापायचं मला अजिबात पटत नाही, पण मालकांपुढं आकडे ठेवल्याशिवाय माझं कोण ऐकणार. कुणी असलं काम केलंय का? कुठून धरू?

होटगीरोडकर:
दादा, मी एका सूतगिरणीत हे काम दोन वर्षं केलंय. पहिलं म्हणजे लेजर फोडा. एका टूरला एक ओळ, कोण गेलं, कुठं, कशाला, तिकीट कधी काढलं आणि प्रवास कधी झाला. ह्या शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर काढलं की निम्मं चित्र तिथंच दिसतं. आमच्याकडं विमानाची बहुतेक तिकिटं आदल्या दिवशी काढलेली निघाली, आणि ती पोरांची नव्हती, वरच्यांची होती. फ्रँकफर्टचं टेक्स्टाईल प्रदर्शन दर जानेवारीत असतं हे सगळ्या सोलापूरला माहीत आहे, तरी तिकीट डिसेंबरच्या शेवटी! डीएची बेरीज त्याच्यापुढं किती होते ते काढून मालकांना दाखवा, तुमचा मुद्दा तिथंच सिद्ध होईल.

दुसरं, रद्द झालेली तिकिटं. रेल्वेचं ई-तिकीट वेटिंगमध्येच राहिलं तर चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत जातात. माणसानं स्वतःच्या खात्यातून काढलं असेल आणि क्लेम आधीच घेतला असेल तर तो रिफंड कंपनीकडं येतच नाही. बऱ्याचदा त्याच्या लक्षातपण नसतं, म्हणून चोरी पकडल्यासारखं विचारू नका. पीएनआर (तिकिटावरचा नंबर) लिहून ठेवायची सवय लावा, बास.

विमानाचं तर अजून मोठं. नॉन रिफंडेबल तिकीट असलं, अगदी माणूस विमानतळावर पोचलाच नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाची फी परत द्यायचीच असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे. एजंट हे स्वतःहून सांगतीलच असं नाही. आम्ही एजंटकडून न वापरलेल्या तिकिटांची यादी लेखी मागवली, मग क्रेडिट नोटा (पैसे परत जमा केल्याचे कागद) यायला लागल्या.

सातरस्ता_९:
गाडीभाडं बघा राव, खरं भोक तिथं आहे. पुणं २५० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ५००, त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, नाईट हॉल्ट, आणि गॅरेजपासून गॅरेजपर्यंतचे किलोमीटर. आमच्याकडं एकाच दिवशी परचेसची एक आणि क्वालिटीची एक अशा दोन गाड्या पुण्याला गेलेल्या सापडल्या, दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. शिवाय गाडीवाल्याच्या बिलात टोल धरलेला आणि आमच्या माणसानं सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटसच्या पावत्या लावून परत वेगळा घेतलेला. गाडीवाल्याकडं फास्टॅगचं स्टेटमेंट मागा, त्यात वेळेसकट सगळं येतं.

आणि एकटा माणूस पुण्याला जाणार असेल तर गाडी कशाला? हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी तिथं, काम आटपून त्याच रात्री परत, हॉटेलचं भाडंच नाही. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतपण आहे. फक्त सलग दोन रात्री गाडीत काढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या, नाहीतर बचत त्याच्या तब्येतीतून होते.

सीए_ताई_सोलापूर:
वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय, मी फक्त जीएसटीचं बोलते कारण त्यात पैसे सहज हातातून जातात. मुंबई-पुण्याच्या हॉटेलात बिल कंपनीच्या नावानं आणि कंपनीचा जीएसटी नंबर टाकून घेतलं तर खोलीच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर कंपनीला भरायच्या जीएसटीतून वजा होतो. हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या हॉटेलचं मिळत नाही, कारण तिथला कर त्या राज्याचा असतो आणि तुमची नोंदणी महाराष्ट्रातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के लागतो, त्यामुळं हॉटेलातून आता पूर्वीइतकी रक्कम निघणार नाही, पण विमान आणि एसी रेल्वेच्या तिकिटांचं बघाच. बुकिंग करतानाच जीएसटी नंबर टाकावा लागतो. आणि भाड्यावरच्या कराचं इनव्हॉइस विमान कंपनी देते, एजंटच्या बिलावर फक्त त्याच्या सर्व्हिस चार्जचं क्रेडिट मिळतं, इथं बहुतेक जण चुकतात. टूबीशी (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या क्रेडिटच्या स्टेटमेंटशी) जुळवून बघा. मागच्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तिथंच मुदत संपते.

जेवणाची बिलं आणि भाड्याची साधी कार ह्यावर क्रेडिट नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत. गाडीवाल्याला बँकेतूनच द्या.

अकौंट_अक्कलकोटरोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून तीन महिन्यांचे व्हाउचर फोडले. डीए सगळ्यात खाली निघाला! सगळ्यात वर भाड्याची गाडी आणि त्याच्याखाली आयत्या वेळची विमानाची तिकिटं. टोल दोनदा घेतलेला पाच ठिकाणी सापडला, त्यातल्या दोघांनी विचारल्याबरोबर पैसे जमा केले, त्यांना खरंच माहीत नव्हतं. एका हॉटेलचं बिल एकाच खोलीत राहिलेल्या दोघांनी वेगवेगळं लावलंय, तिथं मात्र नीट बसून बोलावं लागेल. ताई, विमानाच्या ११ तिकिटांवर आमचा जीएसटी नंबरच नाही, आता काही होईल का?

सीए_ताई_सोलापूर:
झालेल्या तिकिटांचं अवघड आहे, तरी विमान कंपनीला मेल टाकून बघा, काही जण ठरावीक दिवसांत दुरुस्ती करून देतात. एजंटला आजच लेखी कळवा की ह्यापुढं नंबर टाकल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. आणि मालकांकडं जाताना डीएचा कागद सगळ्यात वर ठेवा.