पावसाळ्यानंतर जुनी आउटबोर्ड मोटर धरत नाही, दोन सेकंद चालून बंद पडते

पवनाकाठ:
नमस्कार मंडळी. 15 एचपीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे, दोन सिलेंडर, एक कार्बोरेटर, सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा), दोरीने स्टार्ट. मोटर वीसेक वर्षं जुनी. पवना धरणावर फायबरच्या बोटीला लावतो. जूनमध्ये उतरवून चिंचवडला घरी ठेवली होती, ती आता काढली. टाकीत तेल मिसळलेलं जुनं पेट्रोल तसंच राहिलंय. चोक ओढून दोरी मारली की धरते, दोन सेकंद चालते आणि मरते. मग चोक आत असो वा बाहेर, नुसती खोकते. प्लग नवे टाकले, फरक नाही. पेट्रोलच्या नळीतला रबरी बल्ब दाबल्यावर कडक होतो. एका मेकॅनिकने न उघडताच सीडीआय गेलं म्हणून सांगितलं, आणि तो भाग महाग आहे. आधी घरी काय काय तपासावं?

भिगवण_बोट:
दादा, सीडीआयला आत्ताच हात लावू नका. दोन सेकंद का होईना, इंजिन चालतंय म्हणजे करंट येतोय. तुमची लक्षणं पेट्रोलच्या बाजूची आहेत.

पहिलं काम, टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पावसाळाभर पडलेल्या अर्धवट टाकीत ओलाव्याला काय तोटा! पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. टाकीतली नळी तळातूनच ओढते. आणि त्या थरात तुमचं टू-टी तेल नसतं, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणजे अशा पेट्रोलवर मोटर चुकून चालली तरी बिनतेलाची चालणार, पिस्टन धरला तर खर्च सीडीआयच्या वर जाईल. बाटलीत रेघ दिसली की ते पेट्रोल बाद. रेघ नसली पण वार्निशसारखा आंबूस वास असला, तरीही बाद. नाल्यात ओतू नका, गॅरेजवाले जळकं ऑइल साठवतात तिथे विचारा.

ताजं पेट्रोल 5 लिटर घ्या, त्यात 100 मिली तेल. हे 50:1 झालं. तुमच्या पुस्तकात दुसरं प्रमाण असेल तर ते खरं. तेल टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टू-टी हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, पाण्याने थंड होणाऱ्या मोटरमध्ये ते प्लगवर आणि रिंगांवर राख धरतं.

मग निदान. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. बल्ब बाणाची दिशा वर करून उभा धरा आणि कडक होईपर्यंत दाबा. आडवा धरला की आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. मोटर सुरू करा आणि मरायला लागली की दुसऱ्या माणसाने बल्ब दाबत राहायचं. त्यावर चालत राहिली तर मोटरवरचा पेट्रोल ओढणारा पंप कमजोर किंवा नळीत हवा. बल्ब दाबूनही मेली, पण अर्ध्या थ्रॉटलला चोक थोडा ओढून तग धरते, तर पायलट जेट (कार्बमधलं, कमी वेगात पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलंय. पिंपात पाणी भरूनच हे करा, कोरडी एक मिनिटसुद्धा नको, इम्पेलरचं (थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या चाकाचं) रबर जळतं.

पेठेतला_पाना:
वरच्यांशी सहमत. पण स्पार्क पाहिल्याशिवाय कार्ब उघडू नका. दोन सिलेंडरपैकी एकच चालत असेल तर हीच लक्षणं येतात.

दोन्ही प्लग काढा आणि आधी ओले की कोरडे ते बघा. दोन्ही कोरडे म्हणजे पेट्रोल पोचत नाही. दोन्ही ओले म्हणजे कार्बच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकलीय किंवा चोक जास्त झालाय. एक ओला, एक कोरडा असेल तर ओल्याकडे स्पार्क नाही, किंवा मोटरवरच्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) फाटलाय. तो क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या कप्प्याच्या) दाबावर हलतो, फाटला की त्याच भोकातून कच्चं पेट्रोल थेट त्या सिलेंडरच्या क्रँककेसमध्ये जातं. हे निदान पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.

स्पार्क पाहताना दोन्ही प्लग कॅपमध्ये घालून ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवा. एखादी वायर मोकळी ठेवून दोरी ओढली तर करंटला वाट मिळत नाही आणि चांगलं सीडीआय तुमच्याच हाताने जाईल. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवा. दोरी सावकाश ओढून स्पार्क दिसत नाही, झटका जोरात हवा. आधी दोरी हलकी ओढून दाते अडकू द्या, मग मारा. आणि लाल क्लिप (ती निघाली की मोटर बंद होते) स्टॉप स्विचवर नीट बसलीय ना ते पाहा.

स्पार्क नसला तर आधी स्टॉपची वायर बुलेट कनेक्टरमधून सोडवा. सोडल्यावर स्पार्क आला तर दोष स्विचचा किंवा घासलेल्या वायरीचा, सीडीआय ठणठणीत. (असं केल्यावर मोटर बंद करायला चोक ओढावा लागेल, हे लक्षात ठेवा.) तरीही नसेल तर प्लग कॅप फिरवून काढा, वायरीचं टोक 5 मिमी कापा, कॅप परत पिळा. टोक आतून हिरवं पडलेलं असतं. त्यानंतर कॉइल. मल्टिमीटरवर ओहम बरोबर आले म्हणजे कॉइल चांगलीच असं नाही, खरी परीक्षा पीक व्होल्टेजची, ती करणारा गाठा.

प्लगचा गॅप मोजलात का? बी7एचएस आणि बी7एचएस-10 हे वेगळे आहेत, शेवटच्या 10 चा अर्थ 1.0 मिमी गॅप. पुण्यातल्या नाना पेठेतला दुकानदार एकाच्या जागी दुसरा देऊन मोकळा होतो. पुस्तकातला नंबर सांगूनच घ्या.

पवनाकाठ:
धन्यवाद दोघांनाही. पेट्रोलच्या बाटलीत तळाशी बोटभर दुधट थर दिसला. दोन्ही प्लग कोरडे. स्पार्क दोन्हीकडे निळा आणि टणक. ताज्या पेट्रोलवर बल्ब दाबत राहिलं तर थोडं जास्त चालते, पण मरतेच. अर्ध्या थ्रॉटलला चोकवर टिकते. म्हणजे पंप आणि जेट दोन्हीकडे गडबड आहे का?

भिगवण_बोट:
हो, दोन्हीकडे. एकाच घाणीने सगळं बिघडलंय. पायलट जेट नक्की, आणि पंपही उघडा.

कार्ब काढण्याआधी वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडून काय येतं ते पांढऱ्या वाटीत धरा. पांढरट भुकटी किंवा हिरवा चिकटा आला की शंका राहत नाही. मग लिंकेजचा (थ्रॉटल-चोकच्या दांड्यांचा) फोटो घेऊन कार्ब काढा. पायलट स्क्रू (कमी वेगाचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवा, किती फेऱ्यांनी बसतो ते लिहून ठेवा. जोर लावलात तर टोक कायमचं घासतं. परत लावताना तोच आकडा, लिहिलेला नसेल तर बसल्यावर दीड फेरी बाहेर, तिथून पुढे कानाने.

पायलट जेट उजेडाकडे धरून पाहा. भोक केसासारखं बारीक असतं आणि पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर कडेला वार्निश आहे. सुई किंवा तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की मिश्रण कायम बिघडतं. कार्ब क्लीनरचा फवारा, अर्धा तास भिजवणं, मग कॉम्प्रेसरची हवा. वायरीतला तांब्याचा एक तंतू फार तर. जेटबरोबर कार्बच्या अंगातली वाटही मोकळी हवी: पायलट स्क्रूच्या भोकातून फवारा मारला की व्हेंच्युरीत (हवेच्या मुख्य वाटेत) बटरफ्लायजवळच्या (थ्रॉटलच्या झडपेजवळच्या) बारीक भोकांतून बाहेर आला पाहिजे. इथे आळस केला की जेट चकचकीत आणि मोटर तशीच. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग क्लीनरमध्ये टाकू नका, फुगतात. फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई आणि सीट दोन्ही बदला.

पेठेतला_पाना:
पंपाचं मी सांगतो. स्क्रू सोडताना कुठली गॅस्केट कुठे होती ते क्रमाने मांडून ठेवा. डायाफ्राम उजेडाकडे ताणून पाहा. छिद्र नसलं तरी कडक किंवा सुरकुतलेला असेल तर बदला, जुन्या मोटरांचं रबर ई20 साठी बनलेलंच नव्हतं. नळीचं तसंच. दुमडून पाहा, भेगा दिसल्या की पूर्ण नळी बदला, मधला तुकडा नको. पुण्यातल्या बोहरी आळीत जुना तुकडा घेऊन जा आणि इथेनॉलला चालणारी पेट्रोल नळी मागा, पारदर्शक पीव्हीसी महिन्याभरात कडक होते. टाकीच्या आणि मोटरच्या कनेक्टरमधली ओ-रिंग हमखास विसरली जाते. तिथून पेट्रोल गळत नाही, पण पंप हवा ओढतो. बल्ब कडक होऊनही मोटर उपाशी राहते ती यामुळे.

एवढं करूनही धरली नाही तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजा. दोन्ही प्लग बाहेर, वायरी ब्लॉकला टेकवलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडं. दुचाकीच्या गॅरेजमधला 14 मिमीचा गेज चालतो. 100 पीएसआयच्या आसपास आणि दोन्हींत 10 टक्क्यांच्या आत फरक असेल तर इंजिन निरोगी. दोरी उलटा झटका देत असेल तर मात्र फ्लायव्हील काढून चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर ठेवणारा धातूचा तुकडा) पाहा. ती अर्धवट कापली गेली की टायमिंग सरकतं, आणि स्पार्क छान दिसूनही मोटर धरत नाही.

भिगवण_बोट:
पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा पिंपातलं पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या, प्रोपेलर काढून ठेवा. अर्ध्या मिनिटात मागच्या भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. नाही आली तर लगेच बंद करा. आधी त्या भोकात बारीक तार घालून बघा, गाळ किंवा गांधीलमाशीचं घर असतं. मोकळं असूनही धार नसेल तर इम्पेलर बदलल्याशिवाय मोटर पवनेवर नेऊ नका.