संत्र्याची फळगळ आणि रस शोषणारा पतंग: बंदोबस्त बागेत करावा की जंगलात?

प्रश्न: संत्रा उत्पादक, वरूड तालुका

नमस्कार मंडळी. आमची संत्र्याची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी असून एका बाजूला सागाचे जंगल लागून आहे. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाची) फळे रंग धरू लागली की दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास गळ सुरू होते. गळलेल्या फळावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र दिसते, त्याभोवतीचा भाग मऊ पडलेला असतो आणि फळ दाबले की छिद्रातून रस बाहेर येतो. कीटकनाशकाची फवारणी करूनही फरक पडलेला नाही. शेजाऱ्यांनी फळमाशीचे गंध सापळे टांगले, पण गळ थांबली नाही.

गावात काही जणांचे म्हणणे आहे की पावसाळ्यात सागाची पाने खाऊन फस्त करणाऱ्या अळ्यांचेच पुढे पतंग होतात आणि ते बागेत येतात. दुसरे म्हणतात की हा सारा दोष गुळवेलीचा आहे, म्हणून धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) आणि जंगलाच्या कडेची सगळी गुळवेल तोडून टाकावी. यांत खरे काय, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: कीटकशास्त्राचा अभ्यासक, अकोला

आपण केलेल्या वर्णनावरून हे काम फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाचे दिसते. त्याच्या युडोसिमा मॅटर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया या दोन जाती आपल्याकडे प्रामुख्याने आढळतात. खात्री करायची असेल तर अंधार पडल्यानंतर बॅटरी घेऊन बागेत फिरावे. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात लालसर चमकतात. तो चांगला मोठा असतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे आणि मागचे नारिंगी, त्यांवर काळे डाग. एरवी पतंगाची सोंड मऊ असते, पण याच्या सोंडेचे टोक कडक आणि काटेरी असल्यामुळे ती संत्र्याची साल सहज भेदते. नर आणि मादी दोघेही रस शोषतात. नंतर त्याच छिद्रातून बुरशी आत शिरते, फळ सडते आणि गळून पडते.

फवारणी निष्फळ का ठरते, याचे कारणही यातच आहे. हा पतंग पाने खात नाही, आणि सोंड थेट गरात जात असल्याने सालीवरचे विष त्याच्या पोटात फारसे जातच नाही. शिवाय त्याची अळी बागेत नसतेच. मादी गुळवेल, वासनवेल, पहाडवेल अशा एकाच कुळातील वेलींवर अंडी घालते आणि अळ्या तेथेच वाढतात. ही उंट अळी (पाठीची कमान करत चालणारी अळी) ओळखायला सोपी आहे: अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके असतात, आणि डिवचल्यास ती डोके आत वळवून मागचा भाग वर उचलते. धुऱ्यावरच्या वेलींची पाने ऑगस्टमध्ये उलटून पाहावीत. अळ्या सापडल्यास वेचून नष्ट कराव्यात आणि बागेला लागून असलेल्या वेली काढून टाकाव्यात.

सागाच्या अळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. सागाचे पान फक्त शिरा ठेवून खाणारी हायब्लिया प्युएरा आणि पानाची जाळी करणारी युटेक्टोना मॅकेरॅलिस या दोन्हींचे पतंग आकाराने लहान असतात व त्यांना साल भेदणारी सोंड नसते. त्यांचे नुकसान वनाला होते, आणि ते थोडे नाही: केरळमधील निलंबूर येथे सागाच्या तरुण लागवडीत झालेल्या अभ्यासात हायब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी 44 टक्के वाढ बुडाल्याचे आढळले. तेथील वन संशोधन संस्थेने या अळीला रोगग्रस्त करणाऱ्या विषाणूचाच नियंत्रणासाठी उपयोग करण्यावर काम केले आहे. तो प्रश्न महत्त्वाचा असला तरी आपल्या संत्र्यांचा नाही.

फळमाशीच्या सापळ्यांतील मिथाइल युजेनॉल हे गंधद्रव्य फक्त नर फळमाश्यांना खेचते. पतंगाला त्याचे आकर्षण नसते.

उत्तर २: बागायतदार, मोर्शी तालुका

निदान पटले, परंतु वेली तोडण्याबाबत मी वेगळे मत मांडतो. हे पतंग दूरवर उडू शकतात, त्यामुळे आपल्या धुऱ्यावरची वेल काढली तरी पलीकडच्या नाल्यावरून आणि जंगलातून ते येतच राहतात. जंगलातील गुळवेल तोडण्याचा तर आपल्याला अधिकारच नाही. ती औषधी आहे आणि ती गोळा करून विकणाऱ्या लोकांच्या मिळकतीचा भाग आहे. पतंगाच्या अंड्यांवर जगणाऱ्या टेलेनोमससारख्या बारीक गांधीलमाश्याही त्याच वेलींवर अंडी शोधत असतात, हेही विसरून चालणार नाही. आमच्याकडे एकाने धुऱ्यावरचा पांगाराही तोडायला काढला होता. प्रशांत महासागरातील बेटांवर या पतंगाच्या अळ्या पांगाऱ्याच्या वर्गातील झाडांवर वाढतात हे खरे, पण आपल्याकडे त्या वेलींवरच वाढतात, म्हणून पांगाऱ्यावर कुऱ्हाड चालवू नये.

माझ्या मते खरे काम फळ रंग धरण्याच्या काळात, संध्याकाळी, बागेतच करावे लागते. सर्वांत आधी गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. सडक्या फळांच्या वासाने आणखी पतंग येतात आणि ज्यांना स्वतः साल भेदता येत नाही, असे एरंडीवरील उंट अळीचे पतंगही तेथे जमतात. फळे झाडाखाली तशीच पडू दिली तर विषारी आमिष, धूर अशा बाकीच्या उपायांवरचा खर्च वाया जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. विषारी आमिष आणि धूर यांविषयी थोडे सविस्तर सांगावे. फळांना पिशव्या बांधणे आम्हांला शक्य नाही.

उत्तर २ पुढे: बागायतदार, मोर्शी तालुका

पिशव्या डाळिंबाला परवडतात. संत्र्याच्या एका झाडावर शेकड्यांनी फळे असतात, तेथे तो विचार सोडून द्यावा.

आमिषासाठी सर्वसाधारण शिफारस अशी आहे: 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, 20 मिलि मॅलेथिऑन 50 ईसी हे कीटकनाशक आणि थोडे व्हिनेगर किंवा फळांचा रस मिसळावा. हे द्रावण रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरून दर 10 झाडांमागे 2 बाटल्या टांगाव्यात. आंबूस वास सुटला पाहिजे. नुसत्या गुळाच्या पाण्याला पतंग तेवढे येत नाहीत. बाटल्या दिवे लागणीला टांगून पहाटे काढून घ्याव्यात, नाहीतर दिवसा मधमाश्या त्यांत बुडून मरतात. लहान मुले आणि गुरे यांच्यापासून त्या दूर राहतील याची काळजी घ्यावी.

धुरासाठी कडुनिंबाचा ओला पाला आणि काडीकचरा वापरून वारा ज्या बाजूने येतो त्या कडेला संध्याकाळी 7 ते 10 या वेळेत धूर करावा. वारा पडलेला असेल तर त्याचा उपयोग होतो. मोठ्या बागेत एकट्या धुरावर मात्र विसंबू नये. जंगलाकडील पहिल्या ओळींवर आमिष जास्त ठेवावे, आणि लगतच्या बागायतदारांशी बोलून सर्वांनी एकाच आठवड्यात सुरुवात करावी.

उत्तर १ पुढे: कीटकशास्त्राचा अभ्यासक, अकोला

आमिषाविषयी सहमत आहे. जंगलातील वेलींना हात लावू नये, हेही मान्य. माझे म्हणणे बागेच्या कुंपणापुरतेच होते. एक सूचना मात्र करतो. गळलेल्या प्रत्येक फळाला पतंगच जबाबदार नसतो. फळ कापून पाहावे: आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी आहे, छिद्र नसताना फळावर तपकिरी डाग पडून ते कुजत असेल तर फायटोफ्थोरा बुरशीचा संशय घ्यावा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आमिषाच्या बाटल्या टांगण्यापूर्वी निरनिराळ्या झाडांखालची टोपलीभर फळे कापून त्यांत छिद्राची किती निघतात ते मोजावे.