वस्ती पाडून इमारत, की आहे तिथंच पक्कं घर?

पर्वती_पायथा: माझा जन्म पुण्याच्या जनता वसाहतीतला. ७२ च्या दुष्काळात आजोबा गाव सोडून आले तेव्हा पत्रे आणि बारदानाचं खोपट होतं. आज त्याच दहा बाय बाराच्या जागेत खाली स्वयंपाक, वर स्लॅबची खोली. फरशी आईनं भिशी लागली तेव्हा बसवली. मोरीतली निम्मी जागा घेऊन संडास केला. तीस वर्षं कणाकणानं उभं केलेलं हे घर आता एसआरएत, म्हणजे वस्ती पाडून बिल्डरकडून इमारत बांधायच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत जाणार म्हणतात. वर भावाचा संसार आहे, त्याला वेगळं घर मिळणार नाही, कारण हिशोब खालच्या मजल्याचाच.
येरवड्यात २००९ च्या सुमारास केंद्राच्या योजनेतून फक्त कच्ची घरं पाडली आणि त्याच जागी २७० चौरस फुटांची पक्की बांधून दिली. लोकांनी दहा टक्के वाटा भरला. गल्ली तीच, शेजार तोच राहिला. हे सगळीकडे का नको?

सातवा_मजला: मला अजिबात पटलं नाही. आमची वस्ती गेली, आम्ही इमारतीत आलो. वस्तीत पहाटे साडेचारला डबा घेऊन सार्वजनिक संडासापुढं उभं राहायचो, मुली दोघी-दोघी मिळून. संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचं नाही, रात्री जावं लागेल म्हणून. आता दाराला आतून कडी लागते. गल्लीतल्या शेजाराची आठवण मला तरी येत नाही.

पर्वती_पायथा: ताई, हे माझ्या बहिणींनीही सोसलंय. पण संडास घरात यायला सात मजले लागत नाहीत, ड्रेनेजची लाइन लागते. आमच्या गल्लीत लाइन पडली त्याच वर्षी अकरा घरांनी स्वतःच्या पैशांनी संडास बांधले.

संगम_पूल: आणि आग लागली तर? नोव्हेंबर २०१८ मध्ये पाटील इस्टेटची झोपडपट्टी पेटली तेव्हा मी पुलावरून बघत होतो. सिलिंडर फुटल्याचे आवाज येत होते. तीन फुटांच्या गल्लीत बंब शिरणार कसा? शिवाय एकावर एक मजले चढवले की खाली उजेड येत नाही. तुमच्या खालच्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावावी लागते की नाही, खरं सांगा.

हप्तेवाला: मी वीस वर्षं कर्जाचे हप्ते भरतोय. माझ्या करातून दुसऱ्याला फुकट घर का?

दोन_बस: एसआरएचं घर तुमच्या करातून नाही होत. बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी मिळते, विक्रीच्या फ्लॅटमधून तो खर्च काढतो. म्हणून तर आमची माणसं थोड्या जागेत उंच रचतात आणि उरलेली जागा विक्रीला.
ती घरंही जागच्या जागी मिळाली तर नशीब. मेट्रोसाठी कामगार पुतळ्याची वस्ती उठली, कुणी हडपसरला गेलं, कुणी विमाननगरला. आम्ही हडपसरला. आईची धुण्याभांड्याची चार कामं मॉडेल कॉलनीत होती, चालत जायची. आता सातच्या कामाला पाचला निघते, दोन बस बदलते. दोन कामं सुटली. घर चांगलं आहे, खोटं नाही बोलणार. पण आईच्या हातात महिन्याला पूर्वीच्या निम्मेच पैसे येतात.

सातवा_मजला: एक मगाशी लिहायचं राहिलं. आमची लिफ्ट पंधरा दिवस बंद आहे. मेंटेनन्स निम्मी घरं भरत नाहीत, त्यांना परवडतच नाही. सासूबाई तेवढे दिवस खाली उतरलेल्या नाहीत. वस्तीत त्या दिवसभर ओट्यावर बसायच्या. तरीही मी परत जाणार नाही. माझी मुलगी बारावीला आहे, रात्री एकला उठून बाथरूमला जाते आणि मला जाग येत नाही. एवढंच.

पर्वती_पायथा: ताई, यावर माझ्याकडं उत्तर नाही.
संगम_पूल, हो, लागते ट्यूब. दुपारी बारालाही. तुमचं वाचून आज गल्ली मोजली, दोन फूट आठ इंच भरली. येरवड्यात काही ठिकाणी दोन-तीन शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून घरं बांधली, तसं केलं तर गल्लीला जागा निघते, खिडक्याही निघतात. रविवारी मंदिरात बैठक बोलावलीय. कोण किती जागा सोडणार, हे विचारायचंय. आमचा ओटा दीड फुटाचा आहे. तो मी आधी तोडतो, मग दुसऱ्यांना विचारतो. आई दुपारपासून बोललेली नाही.