पेन्शन ब्रुसेल्स ठरवत नाही

'युरोपियन युनियनमध्ये सगळ्यांची पेन्शन ब्रुसेल्स (म्हणजे युनियनचं मुख्यालय) ठरवतं' असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. किती द्यायची, कोणत्या वयाला द्यायची, हे ज्याचा तो देश ठरवतो. युनियनचा २००४ चा ८८३ क्रमांकाचा नियम फक्त या वेगवेगळ्या हिशोबांची सांगड घालतो.

माझंच घ्या. जर्मनीत ४ वर्षं नोकरी, मग नेदरलँड्समध्ये ३. जर्मन पेन्शनला किमान ५ वर्षांचा विमाकाळ (पेन्शन विम्यात मोजली जाणारी वर्षं) लागतो, म्हणजे एरवी मी बादच. पण पात्रता बघताना डच वर्षं मिळवली जातात. पैसे मात्र जर्मनी आपल्या ४ वर्षांपुरतेच देणार. भारतीय पासपोर्ट असला तरी हे लागू होतं, कारण २०१० मध्ये या नियमाचा विस्तार युनियनबाहेरच्या देशांच्या नागरिकांपर्यंत केला गेला. डेन्मार्क तेवढा त्या विस्तारात नाही, तिकडे जाणाऱ्यांनी आधी बघून घ्या.