मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्र्याच्या तब्येतीला माझे गुण ४१, आईचे २८

आमची चिंगी, देशी, १४ वर्षांची. लालबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, त्यामुळे दिवसातून तीनदा तिला उचलून खाली नेतो. डॉक्टरांनी म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश सांगितलाय. दिवसभर झोपते, रात्री दोन वाजता उठून भिंतीकडे तोंड करून भुंकत राहते. रक्त, लघवी, डोळे, दुखणं सगळं तपासून झालं. त्यावरचं औषध, सेलेजिलीन, दोन महिने चालू आहे, रात्री मंद दिवा ठेवतो, फरशीवर सतरंज्या घातल्यात. थोडा फरक आहे. जेवण मात्र व्यवस्थित, म्हणून डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवायचं की नाही, हा निर्णय तुम्हीच घ्या.

गेल्या आठवड्यात पहाटे मी तिच्यावर ओरडलो. ती घाबरून कोपऱ्यात गेली आणि मला ओळखलंच नाही. ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

डॉक्टरांनी दिलेला तक्ता भरतोय: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, चांगले दिवस जास्त की वाईट. प्रत्येकी १० गुण, ३५ च्या वर असेल तर ठीक. माझी बेरीज ४१ येते, आईची २८. दिवसभर तिच्याजवळ आईच असते. मी रात्री आठला घरी येतो आणि ती शेपटी हलवते, तेवढंच मला दिसतं, असं आता वाटू लागलंय.

दुसरीकडे ठेवायला देणं जमणार नाही, नवीन जागेत ती आणखी गोंधळते. नवं पिल्लू आणा, असंही कृपया सुचवू नका.

जे यातून गेलेत त्यांना विचारतो: घरात दोघांचं मत असं वेगळं असताना तुम्ही कोणाचं धरलंत, आणि नेमकं काय बघून?